अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी सेकंड लेफ्टनंट

सेकंड लेफ्टनंट हा सैन्यातल्या अधिकाऱ्याचा सर्वांत खालचा हुद्दा. प्रशिक्षण संपवून बाहेर पडलेल्या बाविशी-तेविशीतल्या पोरांना तो मिळतो. जून २०१८ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात एका समारंभात हा हुद्दा ज्यांना देण्यात आला, ते आजोबा ९८ वर्षांचे होते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सक्तीच्या भरतीत ते सैन्यात गेले होते. जॉर्जिया राज्यातल्या फोर्ट बेनिंग इथला अधिकारी होण्यासाठीचा अभ्यासक्रम त्यांनी १९४२ मध्ये पुरा केला. सोबतचे गोरे उमेदवार लेफ्टनंट होऊन बाहेर पडले. यांना मात्र टंकलेखनाच्या कामावर परदेशी पाठवण्यात आलं. कारण सांगायची कुणाला गरज वाटली नाही. ते कृष्णवर्णीय होते, एवढं कारण त्या काळात पुरेसं होतं.

युद्ध संपलं, ते घरी आले, नोकरी केली, संसार केला. नव्वदी ओलांडल्यावर घरच्यांनी लष्कराकडे अर्ज केला की, यांना त्यांचा हुद्दा द्या. आधी नकार आला. पाठपुरावा चालू राहिला, एका सिनेटरने मदत केली आणि ७६ वर्षांनी तो हुद्दा मिळाला.

आता साधा व्यवहाराचा प्रश्न. अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी लेफ्टनंट होऊन माणूस करणार काय? हाताखाली पलटण मिळणार नाही. पुढची बढती तर नाहीच. मग हा अर्ज करायचा कशासाठी? आणि त्याहून अवघड प्रश्न असा की, १९४२ मध्ये जे द्यायला सरकार तयार नव्हतं, ते २०१८ मध्ये समारंभ करून का दिलं गेलं? याचं उत्तर शोधायला दीडशे वर्षं मागे जावं लागतं.

सलाम कुणी कुणाला करायचा

सैन्यात दोन जगं असतात. एक शिपाई, नाईक, हवालदार यांचं, दुसरं अधिकाऱ्यांचं. यांच्यामधली भिंत वयाने किंवा अनुभवाने ओलांडता येत नाही. ती ओलांडायला लागतं ते कमिशन, म्हणजे राष्ट्रप्रमुखाच्या नावाने निघालेला अधिकारपत्राचा कागद. तीस वर्षं नोकरी केलेला, दोन लढाया पाहिलेला सार्जंट बावीस वर्षांच्या लेफ्टनंटला सलाम करतो. सलाम माणसाला नसतो, हुद्द्याला असतो, असं सैन्यात शिकवतात.

वर्णभेद पाळणाऱ्या समाजाची खरी अडचण इथेच होते. राहण्याच्या बराकी वेगळ्या करता येतात. जेवणाची टेबलं वेगळी करता येतात. काळ्यांच्या पलटणीही वेगळ्या करता येतात आणि अमेरिकेने यादवी युद्धापासून १९४८ पर्यंत त्या वेगळ्याच ठेवल्या. पण हुद्द्यांची शिडी सगळ्या सैन्याला मिळून एकच असते. कृष्णवर्णीय माणूस कॅप्टन झाला, तर कुठेतरी, कधीतरी एखाद्या गोऱ्या लेफ्टनंटला त्याला सलाम करावा लागणार आणि त्याचा हुकूम मानावा लागणार.

यावर युक्त्या निघाल्या. दुसऱ्या महायुद्धात अधिकारी घडवणाऱ्या शाळांमध्ये काळे आणि गोरे उमेदवार एकत्र शिकत. तेवढ्यापुरता भेद मिटला होता. पण बाहेर पडल्यावर कृष्णवर्णीय अधिकाऱ्यांना कृष्णवर्णीयांच्याच तुकड्यांत पाठवलं जाई आणि तिथेही कुणा गोऱ्या अधिकाऱ्याच्या वर त्यांना बसवलं जाणार नाही, याची काळजी घेतली जाई. म्हणजे लढायला माणूस हवा होता, शिकवायलाही हरकत नव्हती. हरकत होती ती त्याच्या हुकमाला.

फ्लिपर यांचा अर्ज

हेन्री ऑसियन फ्लिपर यांचा जन्म १८५६ चा, जॉर्जिया राज्यातल्या थॉमसव्हिलचा. जन्म गुलामीतच झाला. वडील चांभारकाम करत. यादवी युद्धानंतर गुलामगिरी गेली, काही वर्षं दक्षिणेत कृष्णवर्णीयांना मतं मिळाली, जागा मिळाल्या. त्या थोड्या मोकळ्या काळात फ्लिपर १८७३ मध्ये वेस्ट पॉइंटला, म्हणजे अमेरिकेच्या लष्करी अकादमीत दाखल झाले. चार वर्षं सोबतच्या गोऱ्या मुलांनी त्यांना जवळजवळ वाळीतच टाकलं होतं. तरी १८७७ मध्ये ते पदवीधर झाले. वेस्ट पॉइंटमधून बाहेर पडलेले ते पहिले कृष्णवर्णीय अधिकारी.

त्यांची नेमणूक झाली दहाव्या घोडदळात. ही कृष्णवर्णीयांचीच पलटण होती. फोर्ट सिल इथे साचलेल्या डबक्यांमुळे हिवताप पसरत होता. फ्लिपर यांनी चर आखून ते पाणी वाहून जाईल अशी सोय केली. तो चर त्यांच्याच नावाने ओळखला जातो आणि आज राष्ट्रीय वारसास्थळ आहे.

पुढे टेक्सासमधल्या फोर्ट डेव्हिस इथे त्यांच्याकडे रसदीचा हिशेब आला. १८८१ मध्ये त्या हिशेबात ३,७९१ डॉलर आणि ७७ सेंट कमी निघाले. फ्लिपर घाबरले आणि वरिष्ठांपासून ते लपवलं, खोटं सांगितलं. गावातल्या लोकांनी पैसे गोळा करून तूट भरूनही दिली. तरी कोर्ट मार्शल झालं. पैसे खाल्ल्याच्या आरोपातून न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं, पण अधिकाऱ्याला न शोभणाऱ्या वर्तनासाठी दोषी ठरवून बडतर्फ केलं. लष्कराच्या मुख्य विधी अधिकाऱ्याचं मत होतं की, शिक्षा सौम्य करावी. राष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थर यांनी ते मानलं नाही. ३० जून १८८२ रोजी फ्लिपर यांची नोकरी संपली. वय २६.

त्यांचं आयुष्य तिथे संपलं नाही. त्यांनी सर्वेक्षक आणि स्थापत्य अभियंता म्हणून काम केलं. त्यांना स्पॅनिश उत्तम येई, म्हणून मेक्सिकोच्या जुन्या जमीन-कायद्यांचे भाषांतरकार आणि तज्ज्ञ म्हणून त्यांना सरकारी कामं मिळाली. पुढे ते वॉशिंग्टनमध्ये गृह खात्यात होते, नंतर व्हेनेझुएलात तेल कंपनीत. बडतर्फ झालेल्या माणसाच्या मानाने हे आयुष्य यशस्वीच म्हणायला हवं.

पण हे सगळं करत असताना त्यांचा एक अर्ज चालूच होता. १८९८ मध्ये त्यांनी पहिल्यांदा काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकी संसदेकडे मागणी केली की, मला माझ्या हुद्द्यावर परत घ्या. त्या काळी अशा चुकीची दुरुस्ती करायला दुसरी कुठली खिडकीच नव्हती. एका माणसापुरतं वेगळं विधेयक संसदेत मांडायचं, ते समितीकडे जायचं आणि समितीत पडून राहायचं. फ्लिपर यांच्यासाठी अशी विधेयकं पुन्हा पुन्हा मांडली गेली. चाळिशीतला माणूस साठीला आला. एकही विधेयक मंजूर झालं नाही.

त्यांच्या अर्जातला मुख्य मुद्दा दयेचा नव्हता. त्यांचं म्हणणं होतं की, अशाच चुकांसाठी गोऱ्या अधिकाऱ्यांना जी शिक्षा झाली, तिच्याशी माझी शिक्षा ताडून पाहा. हिशेब चुकला, हे त्यांनी नाकारलं नाही. तराजू दोन असल्याची त्यांची तक्रार होती.

१९४० मध्ये अटलांटा इथे भावाच्या घरी त्यांचं निधन झालं. भाऊ बिशप होते. मृत्यूच्या दाखल्यावर व्यवसाय लिहायची जागा असते. तिथे भावाने लिहिलं : निवृत्त लष्करी अधिकारी. सरकारने अठ्ठावन्न वर्षं जे लिहायचं नाकारलं होतं, ते घरच्यांनी आपल्या हाताने लिहून टाकलं.

वेस्ट पॉइंटमधली दुसरी खोली

फ्लिपर वेस्ट पॉइंटमध्ये शेवटच्या वर्षाला असताना त्यांच्या खोलीत एक नवा मुलगा राहायला आला होता. जॉन्सन व्हिटेकर, साउथ कॅरोलायनाचे, तेही गुलामीत जन्मलेले. फ्लिपर गेल्यावर व्हिटेकर एकटे पडले.

एप्रिल १८८० मध्ये एका सकाळी ते आपल्या खोलीत रक्तबंबाळ, पलंगाला बांधलेल्या अवस्थेत सापडले. कानांवर वार होते, केस कापलेले होते. रात्री तीन मुखवटाधारी आत शिरले, असं त्यांनी सांगितलं. अकादमीने निष्कर्ष काढला की, परीक्षा टाळण्यासाठी याने स्वतःच स्वतःला बांधून घेतलं. कोर्ट मार्शलने त्यांना दोषी ठरवलं.

मार्च १८८२ मध्ये राष्ट्राध्यक्ष आर्थर यांनी हा निकाल रद्द केला. हेच ते आर्थर, ज्यांनी त्याच वर्षी जूनमध्ये फ्लिपर यांची बडतर्फी कायम केली. पण व्हिटेकर यांचाही फायदा झाला नाही. निकाल रद्द झाला त्याच दिवशी युद्धमंत्र्यांनी त्यांना अकादमीतून काढून टाकलं. कारण दिलं की, १८८० च्या तोंडी परीक्षेत ते नापास झाले होते. या युद्धमंत्र्यांचं नाव होतं रॉबर्ट लिंकन. गुलामगिरी संपवणाऱ्या अब्राहम लिंकन यांचे ते चिरंजीव.

व्हिटेकर पुढे वकील आणि शिक्षक झाले. १९३१ मध्ये वारले. जुलै १९९५ मध्ये राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी त्यांचं सेकंड लेफ्टनंटचं कमिशन त्यांच्या वंशजांच्या हाती दिलं.

आठशे किलोमीटर, घोड्यावरून

तिसरी गोष्ट चार्ल्स यंग यांची. जन्म १८६४, केंटकी. १८८९ मध्ये वेस्ट पॉइंटमधून पदवी मिळवणारे ते तिसरे कृष्णवर्णीय. त्यांच्यानंतरचा चौथा माणूस १९३६ मध्ये बाहेर पडला, म्हणजे मध्ये ४७ वर्षं गेली.

यंग फिलिपिन्समध्ये लढले. हैती आणि लायबेरियात लष्करी प्रतिनिधी होते. कॅलिफोर्नियातल्या सिकोया राष्ट्रीय उद्यानाची व्यवस्था १९०३ मध्ये त्यांनी पाहिली, तिथले रस्ते त्यांच्या माणसांनी बांधले. १९१६ मध्ये मेक्सिकोच्या मोहिमेत चांगली कामगिरी करून ते लेफ्टनंट कर्नल झाले.

एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. सैन्य झपाट्याने वाढणार होतं आणि अनुभवी कर्नलांना ब्रिगेडियर जनरल करावं लागणार होतं. यंग त्या रांगेत होते. नेमकं तेव्हाच त्यांच्या हाताखालच्या मिसिसिपीच्या एका गोऱ्या लेफ्टनंटने तक्रार केली की, काळ्या माणसाचे हुकूम मानणं मला जड जातं. तक्रार सिनेटरकडे गेली, सिनेटरकडून राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्याकडे आणि तिथून युद्धमंत्र्यांकडे.

त्याच उन्हाळ्यात यंग यांची वैद्यकीय तपासणी झाली. रक्तदाब जास्त निघाला, मूत्रपिंडाचा विकार निघाला. आजार खोटा नव्हता. पण तो आजार नेमका त्याच आठवड्यांत महत्त्वाचा ठरला, जेव्हा एका लेफ्टनंटची तक्रार राष्ट्राध्यक्षांच्या टेबलावर होती. यंग यांना कर्नल करून लगेच निवृत्त करण्यात आलं.

जून १९१८ मध्ये ते ओहायोतल्या विल्बरफोर्स इथल्या घरून घोड्यावर बसले आणि थेट वॉशिंग्टनला निघाले. ४९७ मैल, म्हणजे सुमारे ८०० किलोमीटर. मुंबईहून नागपूरला जाण्याएवढं अंतर. वय ५४. कधी घोड्यावर, कधी लगाम धरून पायी, असं करत सोळा दिवसांत ते पोचले. मी धडधाकट आहे, मला कामावर घ्या, एवढाच त्या प्रवासाचा अर्थ होता. अर्ज कागदावर मान्य होत नाही, म्हणून त्यांनी तो अंगाने केला.

त्यांना कामावर परत बोलावलं ते ६ नोव्हेंबर १९१८ रोजी. पाच दिवसांनी युद्ध संपलं.

यंग १९२२ मध्ये नायजेरियातल्या लेगॉस इथे, कामावर असतानाच वारले. त्यांना ब्रिगेडियर जनरल हा हुद्दा मिळाला एप्रिल २०२२ मध्ये, वेस्ट पॉइंटच्या आवारात, त्यांच्या मृत्यूला शंभर वर्षं उलटून गेल्यावर.

त्याच १९१७ मध्ये, भारतात

यंग यांना घरी बसवलं गेलं, त्याच उन्हाळ्यात आपल्याकडेही हाच प्रश्न ऐरणीवर होता.

ब्रिटिशांच्या भारतीय सैन्यात हिंदी माणूस जमादार, सुभेदार, फार तर सुभेदार-मेजर होऊ शकत असे. गावाकडे सुभेदार हा केवढा मोठा माणूस! पण पलटणीत तीस वर्षं झिजलेला सुभेदार-मेजरसुद्धा इंग्लंडहून कालच आलेल्या गोऱ्या सेकंड लेफ्टनंटच्या खालीच असे. गोऱ्या सैनिकाला हुकूम देण्याचा अधिकार त्याला नव्हता.

पहिल्या महायुद्धात लाखो हिंदी सैनिक लढले, तेव्हा कुठे ऑगस्ट १९१७ मध्ये ब्रिटिश सरकारने नऊ हिंदी माणसांना राजाचं कमिशन दिलं. त्या नवांत बाळासाहेब डफळे हे एक मराठी नाव होतं. पुढे सँडहर्स्टच्या अकादमीत हिंदी मुलांसाठी वर्षाला दहा जागा ठेवण्यात आल्या.

पण सलामाचा प्रश्न सुटला नव्हता. हिंदी अधिकारी वर चढला, तर गोरा अधिकारी त्याच्या हाताखाली येणार. म्हणून १९२३ मध्ये तोडगा निघाला की, ठरावीक आठच पलटणींचं भारतीयीकरण करायचं. हिंदी अधिकाऱ्यांना तिकडेच पाठवायचं, म्हणजे कुणा गोऱ्याला त्यांच्या हुकमाखाली राहायची वेळ येणार नाही. समुद्रापलीकडच्या दोन सैन्यांनी एकमेकांना न विचारता जवळजवळ एकच युक्ती शोधली होती.

आणि हे फक्त गोऱ्यांनाच सुचत होतं, असंही नाही. मुंबई इलाख्याच्या सैन्यात एकेकाळी महार सैनिक मोठ्या संख्येने होते, त्यांच्यातले काही सुभेदारही झाले. डॉ. आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ त्यांपैकीच. पण सुभेदार महार असेल, तर वरच्या जातीच्या शिपायाने त्याचा हुकूम कसा मानायचा, हा आक्षेप होताच. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ‘लढवय्या जाती’चं खूळ बळावलं आणि महारांची भरती बंद झाली. तेव्हा अर्ज कुणी केला? लष्करातून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकर यांनी. पुढे १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे निवेदन पाठवलं. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली, तेव्हा १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपल्यावर ती मोडण्यात आली. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडलं, म्हणजे पुढचं महायुद्ध.

गरज असते तेव्हा दार उघडतं, गरज संपली की ते लोटून घेतलं जातं. पण वलंगकर आणि फ्लिपर यांच्या अर्जांत एक फरक आहे. वलंगकर जिवंत माणसांसाठी, पुढच्या पोरांसाठी मागत होते. म्हणून त्यांचा अर्ज सत्तेला महाग पडणारा होता. उशिरा मिळणारे हुद्दे मात्र स्वस्त असतात, आणि तिथेच खरी गोम आहे.

कागद दुरुस्त करण्याचं खातं

फ्लिपर यांच्यासारख्यांचे अर्ज संसदेत साचून राहत. दुसऱ्या महायुद्धानंतर तर अशा अर्जांचा ढीग होणार हे उघड होतं. म्हणून १९४६ च्या कायद्याने अमेरिकी संसदेने हे काम आपल्या गळ्यातून काढून सेनादलांकडे दिलं. त्यातून लष्करी नोंदी दुरुस्त करणारं मंडळ तयार झालं. त्यावर गणवेशातले अधिकारी नसतात, नागरी लोक असतात. चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांत अर्ज करायचा असा नियम आहे, पण न्यायासाठी गरज असेल तर मंडळ ही मुदत बाजूला ठेवू शकतं.

ऐकायला सोपं वाटतं. पण चूक झाली हे अर्जदाराला दाखवावं लागतं. म्हणजे कागद हवा. आणि १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुइस इथल्या लष्करी नोंदींच्या इमारतीला आग लागली. १ कोटी ६० लाखांहून अधिक फायली जळाल्या. १९१२ ते १९६० या काळात लष्कर सोडलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के लोकांच्या नोंदी त्या एका आगीत गेल्या.

फिलाडेल्फियाच्या आजोबांची फाईलही त्यांतच होती. प्रशिक्षण पुरं केलं हे त्यांना आठवत होतं, पण आठवण म्हणजे पुरावा नव्हे. आपल्याकडे पेन्शनसाठी, जातीच्या दाखल्यासाठी, सातबाऱ्यावरच्या नावासाठी हेलपाटे घातलेल्या कुठल्याही घराला ही गोष्ट नवी वाटणार नाही. ज्या कार्यालयाने नाव लिहायचं टाळलं, तेच कार्यालय पुढे विचारतं की, तुमचं नाव कुठे लिहिलंय ते दाखवा. पुरावा मिळेपर्यंत कुटुंबाने दम धरला आणि आजोबा तोवर जगले, म्हणून ही गोष्ट समारंभापर्यंत पोचली. ज्यांचे अर्ज करायला कुणी उरलंच नाही, अशांची गणती त्या जळालेल्या कागदांत.

तीन प्रकारचे उशीर

उशिरा मिळालेला प्रत्येक मान सारखा नसतो. जरा बारकाईने पाहिलं की, तीन वेगळ्या गोष्टी दिसतात.

एक असतो मानद हुद्दा. चार्ल्स मॅकगी हे टस्कीगी वैमानिकांपैकी एक. दुसरं महायुद्ध, कोरिया आणि व्हिएतनाम अशा तीन युद्धांत मिळून ४०९ लढाऊ उड्डाणं केलेले. १९७३ मध्ये ते कर्नल म्हणून निवृत्त झाले. फेब्रुवारी २०२० मध्ये, वयाची शंभरी ओलांडल्यावर त्यांना मानद ब्रिगेडियर जनरल करण्यात आलं. हा गौरव आहे. आपल्याकडे २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला सुभेदारांना मानद लेफ्टनंट, मानद कॅप्टन करतात. साताऱ्याकडच्या गावांत दारावर ‘ऑनररी कॅप्टन’ अशी पाटी दिसते, त्यामागे आयुष्यभराची नोकरी असते. पण मानद हुद्दा देताना आपलं काही चुकलं होतं, असं सरकार म्हणत नाही.

दुसरी असते माफी. फेब्रुवारी १९९९ मध्ये क्लिंटन यांनी फ्लिपर यांना मरणोत्तर माफी दिली. बातम्या आनंदाच्या होत्या, पण माफी गुन्हेगाराला मिळते. माफीने शिक्षेचा डाग पुसतो, निकाल तसाच राहतो. त्याआधी १९७६ मध्ये नोंदी दुरुस्त करणाऱ्या मंडळाने फ्लिपर यांची बडतर्फी बदलून ती सन्मानपूर्वक सेवामुक्ती केली होती. शिक्षा अवाजवी कडक होती, असं मंडळाने मानलं. पण कोर्ट मार्शलचा निकालच रद्द करण्याचा अधिकार आपल्याला नाही, असंही सांगितलं. फ्लिपर आयुष्यभर जे मागत होते, ते म्हणजे हुद्दा परत मिळणं. त्यांना सन्मान मिळाला, माफी मिळाली, पण हुद्दा शेवटपर्यंत परत आला नाही.

तिसरी असते दुरुस्ती. फिलाडेल्फियाच्या आजोबांनी मागितली ती हीच. त्यांचं म्हणणं साधं होतं. मला गौरव नको, मी अभ्यासक्रम पुरा केला होता आणि जे देणं ठरलं होतं ते दिलं गेलं नाही, एवढं लिहा. दुरुस्तीत सरकारला मान्य करावं लागतं की, आमच्या कागदात खोटं होतं.

सरकार ही दुरुस्ती शेवटी का करतं, याचं उत्तर कडू आहे. १९१७ मध्ये यंग ब्रिगेडियर जनरल झाले असते, तर फ्रान्समध्ये हजारो माणसं त्यांच्या हुकमात असती आणि त्यांत काही गोरे अधिकारीही असते. २०२२ मध्ये ते ब्रिगेडियर जनरल झाले, तेव्हा त्यांचा हुकूम ऐकायला कुणीच नव्हतं. ज्या सलामाला घाबरून हुद्दा नाकारला होता, तो सलाम आता कुणालाच करावा लागणार नव्हता. हुद्द्यातला हुकूम निघून गेल्यावर हुद्दा द्यायला हात आखडत नाही.

म्हणून अशा समारंभांचे व्हिडिओ फोनवर येतात, तेव्हा डोळ्यांत पाणी येणं स्वाभाविक आहे, पण तिथेच थांबू नये. अशा वेळी विचारावं की, गेल्या सत्तर वर्षांत या माणसाने कुणाला हुकूम दिला असता? त्याच्या हाताखाली कोण घडलं असतं? त्याचा पगार, पेन्शन, त्याच्या मुलांच्या शाळा, मोहल्ल्यातलं त्याचं वजन यात काय फरक पडला असता? त्यातलं काहीही आता परत येत नाही.

तरीही अर्ज करायला हवा, कारण नकार तोंडी नव्हता, तो सरकारी दप्तरात लिहिलेला होता. व्हिटेकर यांनी स्वतःला बांधून घेतलं, फ्लिपर अधिकारीपदाला शोभले नाहीत, यंग तब्येतीने नालायक ठरले, अभ्यासक्रम पुरा केलेला तरुण टंकलेखकच होता, अशा त्या नोंदी. उद्या इतिहास लिहिणारा याच नोंदी उघडणार आणि कृष्णवर्णीय अधिकारी मुळात इतके कमी का होते, असं विचारणाऱ्याला हीच पानं काढून दाखवणार. नोंद जिवंत माणसापेक्षा जास्त वर्षं जगते. ती बदलायची, तर तिच्यावर त्याच खात्याचा, त्याच शिक्क्याचा नवा कागद चढावा लागतो.

फ्लिपर यांच्या भावाने १९४० मध्ये दाखल्यावर जे तीन शब्द लिहिले, ते खरेच होते. पण ते घरच्यांनी लिहिले होते. फ्लिपर, व्हिटेकर, यंग यांचे वंशज आणि त्यांच्यासाठी झटलेले लोक पुढची कित्येक दशकं एकाच गोष्टीसाठी भांडत राहिले की, तेच शब्द आता सरकारने लिहावेत.